उणे तीस अंशांत स्पोर्ट्‌स कार: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

स्पोर्ट्‌स कार हिवाळ्यात चालवायची की झाकून ठेवायची, या विषयावर इतकी पत्रे आली की या अंकातले सदर पूर्णपणे त्यालाच दिले आहे. बहुतेक पत्रांत थंडी आणि बर्फ यांची सरमिसळ झालेली दिसते. ती दोन वेगळी दुखणी आहेत. थंडी उभ्या गाडीला त्रास देते: बॅटरी, ऑइल, रबर, दारे, काचा. बर्फ त्रास देतो तो धावत्या गाडीला. दोन्हींची तयारी वेगवेगळी करावी लागते.

प्रश्न: सप्टेंबरमध्ये जुनी पोर्शे ७१८ केमन एस घेतली. टायर समर परफॉर्मन्सचे आहेत, नक्षी भरपूर शिल्लक आहे. पण इथे पारा आत्ताच मायनस दहाला गेला. रस्ता कोरडा असेल तर हेच टायर चालतील का? आणि विंटर टायर घ्यायचेच तर याच मापाचे घ्यावेत का?
– एक वाचक, एडमंटन

उत्तर: नाही चालणार, रस्ता कोरडा असला तरी नाही. या टायरचे रबर साधारण ७ अंशांखाली कडक व्हायला लागते आणि पकड झपाट्याने जाते. उणे ७ च्या खाली धोका वेगळाच असतो. रबर इतके ताठरते की गाडी नुसती ड्राइव्हवेतून मागे घेतली तरी टायरच्या पृष्ठभागावर चिरा पडू शकतात. असा टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो.

म्हणून गाडी रात्रभर उणे दहात बाहेर उभी असेल तर ‘हळूहळू दुकानापर्यंत नेतो’ असे करू नका. टायर ५ अंशांपेक्षा उबदार जागेत निदान २४ तास राहू द्या, मग गाडी हलवा. त्यांच्यावर हीटरचा किंवा हेअर ड्रायरचा झोत मारू नका. गरम गॅरेज नसेल तर फ्लॅटबेडवरून, म्हणजे गाडी वर चढवून नेणाऱ्या ट्रकवरून न्या, नाहीतर घरी येऊन चाके बदलून देणारा माणूस बोलवा.

विंटर टायर घेताना बाजूच्या भिंतीवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असे चिन्ह आहे का ते पाहा. ते चिन्ह बर्फावरची ठरावीक चाचणी पार केल्यावरच मिळते. नुसते ‘एम प्लस एस’ लिहिलेले असेल तर ते नक्षीच्या ठेवणीपुरते आहे, त्यामागे तशी चाचणी नसते. डोंगराचे चिन्ह असलेले ऑल-वेदर टायर व्हँकुव्हरला पुरतात. एडमंटनच्या जानेवारीसाठी खरे विंटर टायरच हवेत.

आता माप. तुमच्या गाडीला कंपनीकडून पुढे २३५/४० आर १९ आणि मागे २६५/४० आर १९ येतात. एक इंच खाली उतरून पुढे २३५/४५ आर १८ आणि मागे २६५/४५ आर १८ घेतले तर चाकाचा बाहेरचा व्यास दोन मिलिमीटरसुद्धा बदलत नाही, त्यामुळे स्पीडोमीटर आणि एबीएस (ब्रेक मारल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) गोंधळत नाहीत. टायरची भिंत मात्र उंच होते, आणि बर्फाखाली दडलेल्या खड्ड्यात रिम वाचते ती त्या भिंतीमुळेच. फक्त पैसे देण्याआधी १८ इंची रिम तुमच्या ब्रेक कॅलिपरवरून मोकळी फिरते का, हे प्रत्यक्ष बसवून बघायला लावा. रुंद टायरचा मोह टाळा. अरुंद टायर पातळ चिखलबर्फ कापून खाली रस्त्यापर्यंत पोहोचतो, रुंद टायर त्यावर तरंगतो.

चारही टायर बदला. नुसते मागचे बदलले तर गाडी वळायला नकार देईल, नुसते पुढचे बदलले तर ब्रेक मारताच मागची बाजू पुढे येईल. नक्षी ४ मि.मी.वर आली की तो टायर बर्फाच्या कामाचा राहिला नाही असे समजा, कायद्याने १.६ मि.मी. चालत असली तरी.

हवेकडे तर सगळ्यांचेच दुर्लक्ष होते. पारा ५-६ अंश उतरला की सुमारे १ पीएसआय हवा कमी होते. २० अंशांच्या उबदार दुकानात ३६ पीएसआय भरलेली हवा बाहेर उणे २५ मध्ये २८ च्या आसपास दाखवते. त्यात गळती कुठेच नसते. हवा गाडी बाहेर गार असताना तपासा आणि भरा. व्हॉल्व्हची टोपी लावायला विसरू नका, कारण आत शिरलेला ओलावा गोठला की व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि मग हवा खरोखरच गळते.

प्रश्न: माझी मस्टँग जीटी मॅन्युअल आहे, मागच्या चाकांवर चालणारी. ऑफिसमधले सगळे म्हणतात, इथे राहायचे तर ऑल-व्हील ड्राइव्हच हवी. डिकीत वाळूची पोती टाकून भागेल का? आणि बर्फात चालवताना नेमके काय वेगळे करायचे?
– एक वाचक, मिनियापोलिस

उत्तर: ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी जागची हलवायला मदत करते. थांबवायला तिचा काही उपयोग नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चार चाकांवर असतात, आणि रस्त्याला चिकटते ते टायरचे रबर. विंटर टायरवरची मस्टँग ऑल-सीझन टायरवरच्या ऑल-व्हील ड्राइव्ह गाडीच्या आधी थांबते.

ताशी ५० किलोमीटरवर ब्रेक मारला तर कोरड्या डांबरावर गाडी १२-१३ मीटरमध्ये थांबते. दाबलेल्या स्नोवर तेच अंतर ४० मीटरच्या घरात जाते, आणि गुळगुळीत कडक बर्फावर १०० मीटरच्या आसपास. यात तुमचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत कापलेले अंतर धरलेले नाही. तेव्हा पुढच्या गाडीपासूनचे तीन सेकंदांचे अंतर आठ-दहा सेकंदांवर न्या.

वाळूने थोडा फरक पडतो, पण ती एक्सलच्या वर हवी. डिकीच्या टोकाला टाकलेले वजन गाडी घसरली की मागच्या बाजूला आणखी जोराने बाहेर ओढते. ३०-४० किलो पुरे. ते पट्ट्याने बांधा, सुटे पोते अपघातात पुढे येते. विंटर टायर नीट असतील आणि टाकी अर्ध्याच्या वर असेल तर वाळू नसली तरी चालते. तरी एक लहान पिशवी असू द्या, अडकल्यावर चाकाखाली टाकायला उपयोगी पडते.

चालवताना मोड ‘स्नो/वेट’वर ठेवा, म्हणजे ॲक्सिलरेटर बोथट होतो. उठताना दुसरा गिअर टाका आणि क्लच नेहमीपेक्षा सावकाश सोडा. तुमच्या गाडीत लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल, म्हणजे मागची दोन्ही चाके एकमेकांशी जखडून फिरवणारी यंत्रणा आहे. त्यामुळे एक चाक घसरले की दुसरेही त्याच्याबरोबर फिरायला लागते आणि मध्ये उंच, कडेला उतरत्या रस्त्यावर गाडीची मागची बाजू उताराकडे सरकते. तसे झाले तर पाय सावकाश उचला.

ब्रेक, वळण आणि वेग यांपैकी एका वेळी एकच गोष्ट मागा. सरळ असतानाच वेग कमी करा, ब्रेक सोडा, वळा, स्टिअरिंग सरळ होऊ लागल्यावरच ॲक्सिलरेटर द्या. खालचा गिअर टाकून क्लच फाडकन सोडणे हा मॅन्युअल गाड्यांमधला नेहमीचा घोळ. इंजिन मागची दोन्ही चाके एकदम आवळते आणि गाडी फिरते. गिअर उतरवायचाच तर आधी थोडी रेस देऊन आरपीएम जुळवा.

मागची बाजू सुटलीच तर नजर जायचे तिकडे ठेवा, क्लच दाबा, स्टिअरिंग त्याच दिशेला फिरवा आणि गाडी सावरायला लागताक्षणी परत सरळ करा. हे शेवटचे राहून जाते आणि गाडी दुसऱ्या बाजूला दुप्पट जोरात फेकली जाते. एकदम थांबायचे असेल तेव्हा एबीएसवर विश्वास ठेवून पेडल पूर्ण दाबा आणि दाबूनच ठेवा. पायाखाली जी थरथर लागते ती एबीएसचे काम चालू असल्याची खूण आहे. ती जाणवली म्हणून पाय काढू नका.

आणखी एक सवय लावून घ्या. निघाल्यावर पहिल्याच रिकाम्या, सरळ रस्त्यावर आरशात मागे कोणी नाही हे पाहून ताशी २० वर ब्रेक दाबून बघा. एबीएस किती लवकर जागे होते यावरून त्या दिवसाची पकड कळते. उणे २० मधल्या बर्फापेक्षा शून्याजवळचा, वर पाण्याचा पातळ थर आलेला बर्फ जास्त निसरडा असतो. पण कडाक्याच्या थंडीतही सिग्नलपाशी सावध राहा. थांबलेल्या गाड्यांच्या सायलेन्सरमधली वाफ रस्त्यावर गोठून तिथे ब्लॅक आइसचा न दिसणारा थर तयार होतो. पुलांचेही तसेच, खालून वारा लागत असल्याने ते रस्त्याआधी गोठतात.

प्रश्न: चार वर्षे जुनी माझ्दा एमएक्स-५ आहे, बाहेर उघड्यावर उभी असते. रात्री मायनस ३५. सकाळी सेल्फ मारला की नुसती टकटक. बॅटरी बदलू की इंजिन विजेवर गरम ठेवणारा ब्लॉक हीटर लावू? आणि चालू झाल्यावर किती वेळ गरम करायची?
– एक वाचक, विनिपेग

उत्तर: दोन्ही करा, पण आधी बॅटरी. लेड-ॲसिड बॅटरीची ताकद उणे १८ ला साधारण निम्म्यावर येते. त्याच वेळी घट्ट झालेल्या ऑइलमधून इंजिन फिरवायला जोर मात्र जास्त लागतो. उन्हाळ्यात निमूट चालणारी चार वर्षांची बॅटरी पहिल्या कडक रात्री मान टाकते ती याच कारणाने.

रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. १२.४ च्या खाली असेल तर आधी चार्जरवर नीट भरा आणि मग लोड टेस्ट करून घ्या. नवी घेताना सीसीए हा आकडा बघा. उणे १८ ला बॅटरी ३० सेकंद किती अँपिअर देऊ शकते ते त्यावरून कळते. कंपनीने सांगितलेल्यापेक्षा कमी सीसीएची घेऊ नका, जागेत बसत असेल तर थोडी जास्तीची घ्या.

पूर्ण भरलेली बॅटरी विनिपेगच्या थंडीतही गोठत नाही. पूर्ण उतरलेली मात्र उणे ७-८ लाच गोठते. बॅटरीच्या कडा फुगलेल्या दिसल्या किंवा आत बर्फ असल्याची शंका आली तर तिला जंप देऊ नका आणि चार्जही करू नका, फुटू शकते. काढून घरात आणा. फुगलेली किंवा चिरलेली असेल तर टाकूनच द्या. चांगल्या बॅटरीला जंप देताना लाल केबल लाल टोकाला लावा. काळीचे शेवटचे टोक मात्र तुमच्या बॅटरीऐवजी इंजिनच्या उघड्या धातूला लावा.

वजन वाचवायला लिथियम बॅटरी टाकावी, असे कोणी सुचवले तर विनिपेगसाठी नाही म्हणा. शून्याखाली ती जोर देत नाही, आणि तशीच चार्ज केली तर आतून कायमची बिघडते. पोर्शेने २०१० मध्ये ९११ जीटी३ ला हलकी लिथियम बॅटरी द्यायला सुरुवात केली, तेव्हा शून्याखालच्या दिवसांसाठी सोबत नेहमीची लेड बॅटरीही दिली होती.

ब्लॉक हीटर साधारण ४०० ते ६०० वॅटचा असतो आणि कूलंट गरम करतो. रात्रभर लावायची गरज नाही, निघण्याआधी तीन-चार तास पुरतात. त्यासाठी टायमर वापरा. केबल बाहेर वापरायची, तीन पिनांची आणि जाड, १४ गेजची घ्या. पातळ केबल तापते. निघताना ती काढली का ते बघा. बरोबर बॅटरीखालचा हीटिंग पॅड आणि ऑइल पॅन हीटर लावला तर उणे ३५ लाही गाडी एका सेल्फमध्ये उठते. ऑफिसच्या पार्किंगमधल्या प्लगना काही ठिकाणी आलटून-पालटून वीज सोडतात. तिथे हीटर मधूनच बंद दिसला तर तो बिघडला असे समजू नका.

ऑइलचे नशीब तुमच्या बाजूने आहे. या गाडीला ०डब्ल्यू-२० चालते. ‘डब्ल्यू’आधीचा आकडा थंडीतली वाहण्याची क्षमता सांगतो. ०डब्ल्यू ऑइल उणे ३५ ला सेल्फने फिरवता येईल इतके पातळ असले पाहिजे, ५डब्ल्यू उणे ३० ला, १०डब्ल्यू उणे २५ ला. ज्यांच्याकडे १०डब्ल्यू-६० लागणारी जुनी बीएमडब्ल्यू एम३ आहे त्यांनी उणे २५ च्या खाली हीटरशिवाय सेल्फ मारूच नये. कूलंट ५०-५० मिसळलेले असेल तर उणे ३७ पर्यंत टिकते. विनिपेगमध्ये ६० टक्के ग्लायकॉल, ४० टक्के पाणी ठेवा. त्याच्या फार पुढे जाऊ नका, कारण निव्वळ ग्लायकॉल उणे १३ च्या आसपासच गोठते.

सेल्फ मारताना क्लच पूर्ण दाबा, म्हणजे गिअरबॉक्समधले घट्ट ऑइल फिरवायचे ओझे सेल्फवर येत नाही. गाडी लागल्यावर एक-दोन मिनिटे थांबा आणि हळू निघा. अर्धा तास जागेवर चालू ठेवली तर इंजिन नीट तापत नाहीच, शिवाय न जळलेले पेट्रोल ऑइलमध्ये उतरते. काटा ३,००० आरपीएमच्या खाली ठेवा. कूलंटचा काटा मध्यावर आला म्हणून ऑइल तापले असे होत नाही, ते बरेच मागे असते. या थंडीत निदान १५-२० किलोमीटर धीर धरा. दुसरा गिअर अडखळला तर दामटू नका, क्षणभर थांबून घाला. पहिले काही किलोमीटर टायर धपधप करतील. रात्रभर उभ्या राहून त्यांचा तळ सपाट होतो, गरम झाले की आवाज जातो. रोजचा प्रवास दहा मिनिटांचाच असेल तर आठवड्यातून एकदा हायवेवर पाऊण तास चालवा, नाहीतर ऑइलमध्ये पाणी साचते. आणि कापडी छत शून्याखाली उघडू नका.

प्रश्न: टोयोटा जीआर ८६. दार उघडले, पण परत लागेना. काच वरच्या पट्टीला अडते. आदल्या दिवशी तर छान ऊन होते.
– एक वाचक, कॅलगरी

उत्तर: त्या उन्हानेच घोटाळा केला. चिनूक हा डोंगरावरून येणारा उबदार वारा सुटला की कॅलगरीत काही तासांत पारा शून्याच्या वर जातो, टपावरचा बर्फ वितळतो आणि पाणी काचेच्या वरच्या रबरी पट्टीत, म्हणजे बीडिंगमध्ये उतरते. वारा पडला की रात्री ते तिथेच गोठते.

तुमच्या गाडीच्या दाराला काचेभोवती चौकट नाही. हँडल ओढल्याबरोबर मोटर काच जराशी खाली घेते, दार सुटते. दार लावले की काच परत वर जाऊन बीडिंगमध्ये घुसते. काच गोठून बसली असेल तर मोटर जोर लावते पण काच उतरत नाही, आणि तुम्ही दार ओढून काढता तेव्हा काच बीडिंगला ओरबाडत बाहेर येते. आता दार आपटले तर काच वरच्या कडेवर आदळते. मग एकतर काच फुटते किंवा आतल्या यंत्रणेची प्लॅस्टिकची क्लिप तुटते.

असे झाले की दार उघडेच धरा. काचेच्या कडेचा बर्फ डी-आयसरने (बर्फ वितळवणाऱ्या स्प्रेने) सोडवा, मग बटण थोडेसे खाली दाबा. काच उतरली की दार हळूच लावा. बटण दाबूनही काच हलत नसेल तर दाबत राहू नका. गाडी चालू करून हीटर लावा आणि दहा मिनिटे थांबा. गरम पाणी ओतू नका. काचेला तडा जातो, आणि तेच पाणी खाली लॉकमध्ये गोठते.

रोज सकाळी हँडल ओढण्याआधी दाराच्या कडेने तळहाताने चार-पाच ठिकाणी दाबा, बर्फाचा थर करकरत सुटतो. मग काचेच्या वरच्या कडेवर आयसोप्रोपाइल अल्कोहोल दोन भाग आणि पाणी एक भाग असे मिश्रण फवारा, मिनिटभर थांबा आणि हँडल एकदाच, हळू ओढा, डोळे काचेवर ठेवून. आठवड्याला एकदा बीडिंग कोरडे पुसून सिलिकॉनचा पातळ हात द्या. फडक्यावर घेऊन लावा, थेट फवारलेत तर काचेवर तवंग येतो. पेट्रोलियमवाले स्प्रे किंवा ग्रीस रबराला फुगवतात, ते नकोत. चिनूकच्या संध्याकाळी तर बीडिंग पुसूनच झोपा. बॅटरी काढून लावल्यावर काच आपोआप उतरणे बंद होते. ते परत शिकवण्याची कृती मॅन्युअलमध्ये दिलेली असते.

प्रश्न: पोर्शे ९११ कॅरेरा ४एस घेऊन ऑस्ट्रियातल्या टिरोलला स्कीइंगला जायचे आहे. कार्बन-सिरॅमिक ब्रेक आहेत. कायद्याने काय लागते? साखळ्या बसतील?
– एक वाचक, म्युनिक

उत्तर: जर्मनीत तारखेचे बंधन नाही, रस्त्याची अवस्था बघतात. रस्त्यावर बर्फ किंवा चिखलबर्फ असेल तर डोंगराच्या चिन्हाचेच टायर हवेत. १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसते ‘एम प्लस एस’ चालत नाहीत. पकडले तर ६० युरो दंड आणि चालकाच्या नावावर एक दंडाचा पॉइंट. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात हिवाळी परिस्थितीत विंटर टायर सक्तीचे, आणि नक्षी किमान ४ मि.मी. हवी. त्याहून कमी असेल तर तो टायर विंटर टायर म्हणून धरतच नाहीत.

निळ्या गोल पाटीवर साखळीवाले चाक दिसले की साखळ्या घालाव्याच लागतात, ऑल-व्हील ड्राइव्ह असली तरी. ९११ ला त्या मागच्या चाकांवर घालायच्या, आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या टायरच्या मापावरच. तुमच्या मागच्या चाकाचे माप त्या यादीत नसेल तर घालू नका. आत जागा इतकी कमी असते की साखळी कॅलिपरला किंवा सस्पेन्शनच्या दांड्याला घासते. घरच्या गॅरेजमध्ये एकदा घालून बघा, घाटात काळोखात पहिली वेळ नको. घातल्यावर शंभर मीटर जाऊन परत ताणा, आणि ताशी ५० च्या वर जाऊ नका.

इंजिन मागे असल्याने चढावर ही गाडी उत्तम ओढते. त्याची किंमत वळणावर द्यावी लागते. पुढची चाके हलकी, म्हणून वळायला सुरुवात करताना गाडी सरळ जाऊ बघते, आणि घाबरून मध्येच पाय उचललात तर वजन पुढे येऊन मागची बाजू फिरते. वेग वळणाआधी कमी करा आणि वळणात ॲक्सिलरेटर हलका पण स्थिर ठेवा. सामान पुढच्या डिकीत भरा, तेवढाच पुढच्या चाकांना भार.

सिरॅमिक ब्रेक ओले आणि मिठाने माखलेले असले की पहिला दाब थोडा रिकामा जातो. लांब मोटरवेवर मधूनमधून पेडल हलके दाबून डिस्क पुसून घ्या.

प्रश्न: स्नोमधून बाहेर काढली की ताशी ९० ला स्टिअरिंग जोरात हलते. बॅलन्सिंग नुकतेच केले आहे.
– एक वाचक, माँट्रियल

उत्तर: रिमच्या आतल्या बाजूला बर्फ साचून गोठला आहे. शंभर-दोनशे ग्रॅम बर्फ एका बाजूला चिकटला तरी बॅलन्सिंग बिघडते. स्पोर्ट्‌स कारच्या रुंद, खोल रिममध्ये तो जास्त साचतो. वेग कमी करा, सुरक्षित जागी थांबा आणि लांब दांड्याच्या ब्रशने स्पोकमधून हात घालून चारही रिम आतून साफ करा. धातूचा खरवडणारा वापरू नका, प्रेशरचा सेन्सर आणि वजनाचे तुकडे तिथेच असतात. त्याच वेळी पुढच्या बंपरच्या जाळ्याही मोकळ्या करा, त्यामागे रेडिएटर असतात. बर्फ काढूनही थरथर राहिली तर मात्र गॅरेज गाठा.

प्रश्न: रस्त्यावरच्या मिठाने गाडी खराब होईल ही एकच भीती आहे. मायनसमध्ये गाडी धुवावी तरी कशी?
– एक वाचक, टोरंटो

उत्तर: भीती रास्त आहे, पण हाताबाहेरची नाही. हिवाळ्याआधी गाडीच्या खालून तेलकट गंजरोधक फवारून घ्या. ब्रेक डिस्क, रबर आणि सायलेन्सर वगळून. मग दर दोन आठवड्यांनी उणे ५ च्या वरचा दिवस बघून खालून पाण्याचा झोत मारा, चाकांच्या कमानीत आणि दाराखालच्या पट्टीत विशेष. उणे १५ ला धुणे नकोच, दारे-लॉक गोठतील. धुतल्यावर दाराच्या कडा पुसा आणि दहा मिनिटे ब्रेक वापरत चालवून डिस्क सुकवा. रात्री हँडब्रेक ओढू नका, पॅड डिस्कला गोठून चिकटतात. सपाट जागी गिअरमध्ये किंवा ‘पी’मध्ये ठेवा.

चाके बदलताना हबचा चेहरा तारेच्या ब्रशने घासून त्यावर अँटी-सीझ पेस्टचा अगदी पातळ थर द्या, नाहीतर मीठ आणि ॲल्युमिनियम मिळून रिम हबला जखडते. पेस्ट नटांच्या आट्यांना लागू देऊ नका. नट टॉर्क पान्यानेच आवळा आणि ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

प्रश्न: जानेवारीत पुण्याहून मनालीला आणि अटल टनेलमधून पलीकडे सिस्सूला जायचे आहे. गाडी बीएमडब्ल्यू झेड४. तिथे भाड्याने साखळ्या मिळतात असे ऐकले.
– एक वाचक, पुणे

उत्तर: मनालीपर्यंत रस्ता कोरडा असेल तर जा. पुढे ही गाडी नेऊ नका. बोगद्याचे तोंड ३,००० मीटरच्या वर आहे आणि बर्फ पडला की प्रशासन बऱ्याचदा फक्त फोर बाय फोर गाड्या पुढे सोडते. साखळ्या मिळतील, पण त्या एसयूव्हीच्या मापाच्या असतात आणि तुमच्या गाडीच्या चाकाच्या कमानीत तेवढी जागा नाही. जमिनीपासूनची उंची इतकी कमी आहे की चाकोरीतला गोठलेला उंचवटा तळाला लागेल. शिवाय पुण्यात लावलेले परफॉर्मन्स टायर तिथल्या सकाळी दगडासारखे झालेले असतात. मनालीत गाडी लावा आणि पुढे स्थानिक टॅक्सी करा. मनालीपर्यंत जायलाही कूलंटचे मिश्रण तपासून घ्या. महाराष्ट्रात बरेच जण त्यात साधे पाणी भरत जातात, ते एका रात्रीत गोठून इंजिन फोडू शकते. वॉशरच्या टाकीतले पाणीही काढून न गोठणारे द्रव भरा.

प्रश्न: लेक-इफेक्टचा, म्हणजे सरोवरावरून येणाऱ्या वाऱ्याने पडणारा बर्फ इथे तासाभरात गाडी पुरतो. डिकी छोटी आहे. नेमके काय ठेवू, आणि अडकलो तर काय करू?
– एक वाचक, बफेलो

उत्तर: घडीचे फावडे, चाकाखाली घालायच्या दोन पट्ट्या, लांब ब्रश, उणे ४० चे वॉशर फ्लुइड, जाड स्लीपिंग बॅग, हेडलँप, चार्ज केलेला जंप स्टार्टर, पाणी आणि सुका खाऊ. जंप स्टार्टर घरात ठेवा आणि निघताना आत घ्या. थंडीत पडून राहिला तर ऐन वेळी दगा देतो. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका.

पुढे साचलेला स्नो गाडीच्या पोटापेक्षा उंच असेल, म्हणजे साधारण १२ सेंटीमीटरच्या वर, तर घुसू नका. तळाखाली बर्फ दाबला जाऊन गाडी त्यावर बसते आणि चाके नुसती हवेत फिरल्यासारखी फिरतात. बसलीच तर रेस देऊ नका, चाकाखाली चकाकता बर्फ तयार होतो. आधी पोटाखालचा आणि चाकांपुढचा बर्फ काढा, स्टिअरिंग सरळ करा, ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरले की इंजिनचा जोर आपोआप कमी करणारी यंत्रणा) बंद करा, दुसऱ्या गिअरमध्ये हळू पुढे आणि मग रिव्हर्समध्ये थोडे मागे, असे हलवत चाकोरी लांबवत न्या. पाच-सहा वेळा करूनही निघाली नाही तर थांबा, क्लच जळतो. बाहेर आल्यावर ट्रॅक्शन कंट्रोल आठवणीने चालू करा.

थांबून राहायची वेळ आली तर गाडी सोडून चालत जाऊ नका. उबेसाठी इंजिन चालू करण्याआधी, प्रत्येक वेळी, उतरून सायलेन्सरच्या तोंडापुढचा बर्फ काढा. स्पोर्ट्‌स कारचे सायलेन्सर जमिनीला इतके लागून असते की पहिल्या वीस-पंचवीस सेंटीमीटरमध्येच ते गाडले जाते, आणि कार्बन मोनॉक्साइड गाडीखालून आत येतो. त्याला वास नसतो. तासाला दहा मिनिटे इंजिन पुरे, वारा येत नाही त्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवून. डोके जड झाले, मळमळले किंवा सोबतचा माणूस उगाच पेंगायला लागला तर इंजिन ताबडतोब बंद करा, दार उघडा, बाहेर मोकळ्या हवेत या आणि ९११ या आपत्कालीन क्रमांकावर फोन लावा.